बारा तारखेच्या आत आलेले

"यंत्र खोटं बोलत नाही, बाबा. अर्ज मुदतीबाहेर. चल, हो बाजूला!"

पॅराग्वेतल्या त्या जमीन कचेरीच्या खिडकीतून इन्स्फ्रान साहेब सकाळपासून सत्तेचाळीस जणांना हेच सांगत होते. सिंदुल्फो मात्र खिडकीवरून हलला नाही. जमिनीच्या अर्जांची मुदत सप्टेंबर-ऑक्टोबर. तो दोन दिवस चालत येऊन तीन सप्टेंबरला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा राहिला होता. आज बारा वाजता मंजूर यादी दारावर लागणार. नाव नसलं तर मांडिओकाचे कंद लावायलासुद्धा वीतभर माती मिळणार नव्हती.

कचेरीतली कारकून झुनिल्दा आतून ऐकत होती. नऊ वर्षं ती रोज सकाळी अर्जांचा सर्व्हर स्वतःच्या खात्यातून, हाताने चालू करायची. गेल्या महिन्यात राजधानीतून इंजिनिअर आला आणि सर्व्हर आपोआप चालू होईल अशी स्क्रिप्ट टाकून गेला. साहेब खूश. "आता तू फक्त माझ्या तेरेरे चहाचं थंड पाणी बघ," म्हणाले.

तिने पाणी आणलं नाही. बाद अर्ज टेबलावर पसरले. तीन तारीख, सात, आठ, बारा. बाराच्या पुढचा एकही नाही. जे आधी धावत आले तेच मेले.

"साहेब, वर्षाला महिने किती?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बारा. आपण दिवस आधी लिहितो. हे यंत्र महिना आधी वाचतंय, अमेरिकेतल्या ग्रिंगोंसारखं. ह्या सिंदुल्फोचा तीन सप्टेंबर यंत्राच्या लेखी नऊ मार्च. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेपासूनचे सगळे वाचले."

तिने सर्व्हर हाताने चालू केला. सिंदुल्फो मंजूर. स्क्रिप्टमधून चालू केला. नामंजूर. मग तिने स्क्रिप्टच उघडली. भाषा आणि देशाच्या ओळीत अमेरिकेची इंग्रजी. इंजिनिअरने कुठूनतरी जशीच्या तशी उतरवलेली. त्या एका ओळीने सत्तेचाळीस चुली विझवल्या होत्या. तिने ती खोडून पॅराग्वेची स्पॅनिश लिहिली आणि सर्व्हर पुन्हा सोडला.

"जुनीच यादी लागेल!" साहेब ओरडले. "तुला विचारलं कोणी?"

"मी विचारलं," खिडकीतून सिंदुल्फो म्हणाला आणि मागे वळून गरजला, "या रे सगळे आत! आपले अर्ज मुदतीतलेच आहेत!"

खोली माणसांनी भरली. साहेब गर्दीत भिंतीला चेपले गेले. झुनिल्दाने नवी यादी छापली. जमिनीचे तुकडे मोजकेच; ज्याचा अर्ज आधी त्याला जमीन आधी, असा नियम. सत्तेचाळीस नावं सरळ वर चढली, खालची सत्तेचाळीस गळाली. सिंदुल्फो पहिला. दारात टोप्या हवेत उडाल्या. बायकांनी झुनिल्दाला उचलायचंच बाकी ठेवलं.

साहेबांनी यादीचं शेवटचं पान वाचलं. उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"झुनिल्दा," त्यांनी हळूच विचारलं, "माझा अर्ज कुठे गेला?"