बुर्जी

रोडपालीच्या मिठागरावर जोमा आणि चांगा रोज दुपारी बुद्धिबळ खेळत. जोमाचा एकुलता पोरगा चीनच्या सरहद्दीवर होता. आज सकाळी पाटलाने मिठागरावर येऊन चांगाला गाठून पोरगा लढाईत मेल्याचं सांगितलं. जोमाला सांगणं चांगाच्या गळ्यात पडलं. त्याने पट मांडला. जोमा नेहमीसारखा तह करू लागला, "उंट मागं घे, तुजा घोडा सोडतो." चांगा हो म्हणत गेला. तरी जोमाची फौज संपत आली. त्याने शेवटचं प्यादं मुद्दाम चांगाच्या वजिरापुढे सरकवलं. ते मारलं की राजा एकटा उरतो, बुर्जी होते आणि कोणीच जिंकत नाही. "मार." चांगाचा हात उठेना. "नाय मारवत. तू जिंकलास." जोमा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "पाटील क्याला आलता?" चांगाने मान खाली घातली. जोमाने प्यादं उचललं, त्यावरचं मीठ पुसलं. "म्हंजे बुर्जीच जाली."