हुसेनबीची शिलाई मशीन

मशीन जागेवर नव्हती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्या पायांचे चार खड्डे तेवढे दिसत होते.

"विकलीस?" लाडलेसाबनं विचारलं.

"न्हाई, चाचा." हुसेनबी मांडीवर सदरा घेऊन हातानं काजं करत बसली होती.

लाडलेसाबनं पुन्हा त्या चार खड्ड्यांकडे पाहिलं. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या त्या खेड्यात मुसलमानांची तीस घरं. पूर्वी रमजानात जो तो आपली जकात, म्हणजे धर्मानं ठरवलेला दानाचा वाटा, चिल्लर वाटून मोकळा व्हायचा. घेणारे पुढच्या वर्षी परत दारात, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. लाडलेसाबनं आवळ्याची मोट बांधावी तशी ही तीस घरं बांधली. सगळ्यांची जकात एका जागी, आणि दर वर्षी एका घराला पोट भरायचं साधन. विधवा हुसेनबीला ही मशीन मिळावी म्हणून शब्द त्यानंच टाकला होता. मशीन गेल्याचं कळलं की लोक पुन्हा चिल्लर वाटायला लागणार, आणि त्यांना अडवायला त्याला तोंड उरणार नव्हतं.

"मग हाय कुठं?"

ती उठली. गल्ली ओलांडून त्याला शांतम्माच्या दारात घेऊन गेली. आत मशीन खडखडत होती. शांतम्मा शाळेचे गणवेश शिवत होती, तिच्या दोघी पोरी बटणं लावत होत्या.

"या की अण्णा, बसा," शांतम्मा म्हणाली.

लाडलेसाब खजील झाला. नवरा वारल्यावर शांतम्मा त्याच्याकडेही मदत मागायला आली होती. जकात मुसलमान गरजवंतालाच द्यायची, हा त्यांच्या जमातीचा नेम. त्यानं हात जोडले होते आणि घरची पायलीभर ज्वारी देऊन तिला वाटेला लावलं होतं.

"जमातीची मशीन तू कशी दिलीस?" त्यानं हुसेनबीला हळूच विचारलं.

"जमातीची कुठली? देताना तुमीच सांगितलं न्हवं, जकात दिली की मालकी घेणाऱ्याची. देणाऱ्यानं परत हात लावायचा न्हाई."

खरंच होतं ते. बारा वर्षं तो हाच नियम लोकांना समजावत आला होता. त्या नियमात एवढी जागा आहे, हे त्याला कधी दिसलं नव्हतं. या बाईपुढं आपण फार लहान आहोत, असं त्याला वाटलं.

"आन् तुझं कसं व्हायचं, बाई?" तो कसाबसा म्हणाला.

"माझं नाव तुमाला जकातीच्या यादीत पुढच्या साली बी लिवता येतंय, चाचा," हुसेनबी म्हणाली. "हिचं कवाच लिवता येणार नव्हतं."