उघडं पान

अंथरुणाला खिळलेल्या भाऊराव गुरुजींसाठी संघपालने पुण्याहून पुस्तकं वाचायचं मोठ्या पडद्याचं ई-रीडर निवडून, आपल्या मोबाइलवरच्या खात्याशी जोडून मलकापूरला पाठवलं. मोबाइलसारखा त्याचा पडदा विझत नाही. उघडलेलं पान पुढचं उघडेपर्यंत तसंच दिसत राहतं. गुरुजी वाचत असताना हाक मारायची नाही, हा घरातला चाळीस वर्षांचा दंडक.

दुपारी संघपालचा फोन आला.

"आई, बाबा जेवले का?"

"नाही रे. सकाळी च्या पेले तवापासून वाचूनच राह्यले. दोनदा दारातून पाह्यलं मी. छातीवर पान उघडंच हाय, म्हणून हाक नाही मारली."

संघपालने फोन चालू ठेवूनच मोबाइलवर बाबांचं पुस्तक उघडलं.



"आई, त्यायचं पान मले इथं मोबाइलवर दिसते. सकाळी सातपासून ते पलटलंच नाही."