वीतभर आत

वीट थोरलीच्याच हद्दीत होती, यात शंकेला जागा नव्हती. तारेच्या कुंपणापासून चांगली वीतभर आत. विटेच्या पुढे एक बोडकी काडी, बांबूच्या खुंटीला सुतळीने बांधलेली.

"मोजमाप चाललंय," थोरली पुटपुटली. "आज खुंटी ठोकली, उद्या तार सरकवतील."

वाटण्या झाल्यापासून ती या कोपऱ्याकडे फिरकली नव्हती. कारण कुंपणापलीकडे, धाकट्या जावेच्या वाट्याला, सासूबाईंचा जुना गावठी गुलाब गेला होता. छातीएवढं झुडूप, वर्षातून एकदाच फुलणारं, पण फुललं की दोन्ही घरांत वास. इतकी वर्षं त्याचं खतपाणी केलं ते थोरलीने. वाटणीच्या दिवशी धाकटीने विचारलंही होतं, "जाऊबाई, झाड हवंय का तुम्हाला?" थोरलीने नाक उडवलं होतं. "मला काय करायचेत ते काटे!" आणि मग न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून ती रडली होती.

"अहो, बघा जरा!" तिने व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "तुमच्या भावाची बायको जमीन गिळतेय."

नवऱ्याने पेपरामागूनच विचारलं, "किती?"

"वीतभर!"

"मग पोट नाही भरायचं तिचं."

थोरलीने त्याचा नाद सोडला. धाकटीचं हल्लीचं वागणं आता तिला एकेक करून उलगडायला लागलं. परवा धाकटी इथेच उकिडवी बसली होती, आणि थोरली खिडकीशी दिसताच हात झटकत उठली होती. काल उगाचच विचारत होती, "तुम्ही या बाजूला काही लावणार आहात का?" किती गोड आवाज! केसाने गळा कापायची जात.

तिने वीट उचलून बाजूला भिरकावली. खुंटी सहज निघाली, काडी निघेना. तिने पदर खोचला, काडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळा राग एकवटून हिसका दिला. कट्‌कन आवाज झाला आणि ती मागे आपटली.

उकरलेल्या मातीत पांढरी मुळं होती. कोवळी, दोऱ्यासारखी, सालीसकट सोलवटून निघालेली. आणि तारेखालून आलेल्या फांदीचं तुटकं टोक, आतून हिरवंगार.

थोरलीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. हा गुलाब नुसती काडी खोचून जगत नाही. झाडावरची फांदी न तोडता वाकवायची, मधला भाग मातीत पुरून वर वजन ठेवायचं, टोक खुंटीला बांधायचं, आणि मुळं धरेपर्यंत महिनोन्‌महिने वाट बघायची. हे सासूबाईंनी थोरलीला शिकवलं होतं, आणि धाकटीला थोरलीने.

आवाज ऐकून धाकटी ओले कपडे हातात घेऊनच बाहेर आली. तारेपलीकडून तिने खड्डा पाहिला, थोरलीच्या हातातली काडी पाहिली.

"हे काय केलंत?"

"मला वाटलं, तू हद्द सरकवतेयस." शब्द तोंडातून निघून गेले, आणि थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटी हसली नाही, चिडलीही नाही. ओला टॉवेल पिळत राहिली, त्यातून आता पाणी येत नव्हतं तरी.

"विचारलं तर तुम्ही पुन्हा नाहीच म्हणाला असतात," ती म्हणाली. "म्हणून गुपचूप लावलं. पुढेमागे फूल आलं असतं, की कळलंच असतं तुम्हाला."

थोरलीने तुटकी काडी खड्ड्याच्या कडेला ठेवली.

"अजून फांद्या आहेत," धाकटी म्हणाली. "पण आता गुपचूप नाही, जाऊबाई. हवं असेल तर मागा."

थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली. विटेवरची माती तिने पदराने पुसली आणि वीट तारेवरून पुढे केली.

"ही तुझी वीट."

धाकटीने हात पुढे केला नाही. ती कपडे घेऊन दोरीकडे वळली.

"असू दे तिकडेच," ती म्हणाली. "तुम्ही मागाल तेव्हा लागेल."