पुसून न जाणारं पाणी

वसाहतीचे साहेब खोटं बोलले. भिंतीला बोटसुद्धा न लावता, दारातच उभं राहून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांकडे बघत त्यांनी निकाल देऊन टाकला. ही ओल भिंतीची नाही, तुमच्या राहणीची आहे म्हणे. झाकण न ठेवता शिजवता, घरात कपडे वाळत घालता, खिडक्या लावून झोपता. वसाहतीच्या कार्यालयाचा यात काडीचा दोष नाही. एवढं बोलून ते गेले. कोरडे आले, कोरडे गेले.

त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांत पोलीस ठाणंच उघडलं. सासूची नजर सुनेच्या पातेल्यांवर. सुनेची सासूच्या अंघोळीवर, म्हाताऱ्या माणसाला कढत पाण्याच्या दोन बादल्या लागतातच कशाला? नवऱ्याचा संशय दोघींवर आणि दोघींचा मिळून नवऱ्यावर, कारण ओला टॉवेल पलंगावर फेकणारा घरात तोच. सगळ्यांनी एकमेकांना सुधारलं. पातेल्यांवर झाकणं आली, कपडे बाहेर गेले, खिडकी उघडी राहू लागली.

भिंत मात्र सुधारली नाही. पलंगामागे, उशीच्या उंचीवर, काळी बुरशी पसरतच राहिली. त्या उशीवर झोपणाऱ्या चार वर्षांच्या पोरीची छाती मांजरासारखी घुरघुरत राहिली. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, भिंतीचं तुम्ही बघा. नाहीतर हे पोरीला जन्माचं चिकटेल.

सुनेने मनावर घेतलं. एका रंगाऱ्याकडून तिला एक युक्ती कळली होती. भिंत पुसून कोरडी करायची, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी खोलीच्या बाजूने जमलं, तर ते घरातल्या वाफेचं. प्लॅस्टिकच्या आत जमलं, तर भिंतीचं. तिने पलंगामागे तुकडा लावला आणि पुन्हा तक्रार दिली. साहेब यायचे कबूल झाले.

त्या सकाळी ती पोरीला शेजारी सोडून परतली, तर सासूबाई पलंग सरकवून भिंतीपाशी स्टुलावर बसलेल्या. खाली फिनेलची बादली, पंखा भिंतीकडे वळवून सोडलेला. बुरशी गायब. भिंत कशी, धुतल्या तांदळासारखी. आणि सासूबाईंची नखं प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात.

सून जागच्या जागी थिजली. ही नक्की कुणाच्या बाजूची?

"आई, मागच्या वेळीही पुसली होतीत?"

"मग? परका माणूस घरात येणार आणि त्याला काळी भिंत दाखवू? या घरात बाया राहतात की नाही, म्हणेल."

 सुनेला बोलायचं झालं असतं तर दिवस पुरला नसता. पोरीचा इतक्या दिवसांचा खोकला या बाईने साहेब यायच्या आधी फडक्याने टिपून घेतला होता, तोही अब्रूसाठी. तिने सासूचा हात कोपऱ्यावरून अलगद काढला आणि म्हणाली, एवढं तरी राहू द्या.

तेवढ्यात दार वाजलं.

या खेपेला साहेब आत आले. भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट दोघींना दाखवलं. भिंत ठणठणीत आहे, तक्रार मागे घ्या, म्हणाले. उगाच तक्रारी करणाऱ्यांच्या जागा वसाहतीत फार काळ राहत नाहीत, हेही हसत हसत सांगून झालं.

सुनेने प्लॅस्टिककडे बोट दाखवलं. त्यावर बारीक थेंबांची दाटी झाली होती.

साहेबांनी लांबूनच मान हलवली. "तुमचाच श्वास आहे तो, बाई. एवढ्याशा खोलीत चार माणसं. घाम फुटणारच."

सासूबाईंना ते थेंब मघापासून डोळ्यांत सलत होते. साहेबांसमोर असं घर! त्यांनी खांद्यावरचं कोरडं फडकं ओढलं, पुढे झाल्या आणि प्लॅस्टिक पुसलं. थेंब तिथेच. पुन्हा पुसलं, अंगातला जोर लावून. एक थेंब हलला नाही. त्यांनी फडकं उलटंपालटं करून पाहिलं. कोरडं.

जन्मभर पुसत आलेली बाई. तिच्या हाताने गेलं नाही असं आजवर काही उरलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांदेखत प्लॅस्टिकच्या आत एक थेंब दुसऱ्याला मिळाला आणि भिंतीच्या अंगाने खाली ओघळला.

"हे पुसून जात नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "हे आतल्या बाजूचं आहे. या भिंतीपलीकडे काय आहे?"

पंपाची खोली, साहेब म्हणाले. कार्यालयाची. कायम कुलूप असतं. तिथे काही गळत वगैरे नाही.

"बघितलंत कधी?"

साहेबांना एकदम दुसरीकडे जायचं होतं. ते वळले, तसा कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला. पण तोवर सासूबाई स्टूल ओलांडून दारात पोचल्या होत्या. उंबऱ्यावर पाय रोवून, हातात ते कोरडं फडकं धरून उभ्या. शेजारच्या घरातून पोरीचा खोकला ऐकू येत होता. थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

"ऐकू येतंय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग सांगा, त्या खोलीची किल्ली यातली कोणती?"