पूर्ण मिनिटभर

"काका, कुठे दुखतंय?" माझं मनगट धरत सुकेशिनीने विचारलं. बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेला मी स्पर्धेसाठी खोटा रुग्ण होऊन चटईवर पडलो होतो आणि सहा महिन्यांपूर्वी आलेली ही पोरगी मला तपासत होती.

रुग्ण पाच मिनिटांत तपासायचा. माझ्या पाळीला मी चारच मिनिटं घेतली, तरी सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी हिचंच कौतुक.

नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची, हे तिला मीच शिकवलं होतं. ही बया मात्र घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर मोजत बसली. बस मोजत, म्हटलं. वेळ संपली की उतरेल तोरा.

तिच्या कपाळावर आठी पडली. वाकून ती हळूच म्हणाली, "काका, हे खोटं नाही. ठोका मध्येच चुकतोय. छातीत जड वाटतंय का?"

सकाळपासून वाटत होतं. हिच्यावर जळतोय म्हणूनच, अशी माझी समजूत होती.

परीक्षकांनी शिट्टी मारली. "वेळ संपली. स्पर्धेतून बाद."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. माझं मनगट तिच्या हातातच होतं.