विस्तव

ईस्टरच्या जागरणाला चर्चमधले सगळे दिवे मालवतात. वेदीजवळ एकच मोठी मेणबत्ती तेवते आणि तिची ज्योत हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

पुढच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या सासूबाई ज्योत मागे द्यायला वळल्या तशी मी माझी मेणबत्ती पुढे केली. त्यांनी आपल्या ज्योतीवर हात आडवा धरला.

“नवऱ्याला टाकून गेलेल्या बाईला माझ्याकडून मिळायची नाही.”

मी उठले.

“कुठे निघालीस?”

“विस्तव आणायला. तुमच्यावाचून अडलंय थोडंच!”

भरल्या चर्चमधून मी तडक वेदीपाशी गेले. फादर गात होते, गातच राहिले. मेणबत्ती पेटवून वळले तेव्हा कळलं, मला अंधारात ठेवण्याच्या नादात सासूबाईंनी माझ्यामागच्या बायकांच्या सगळ्या रांगा अंधारात ठेवल्या होत्या.

मी माझ्या जागेवर थांबलेच नाही, सरळ मागे गेले. सगळ्यांत आधी मेणबत्ती पुढे आली ती माझ्या जावेची. तिच्या कडेवर पोर होतं, आणि ती अजून सासूबाईंच्याच घरात नांदत होती.

“दे गं,” ती सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला तुझ्यावरूनच पेटवायचीय.”